वाचक विचारतात : दालनातला गार्ड आणि समोरचं चित्र

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एजन्सीमार्फत एका कलादालनात गार्ड म्हणून लागलाय. आधी मॉलमध्ये होता. म्हणतो, "दिवसभर कोऱ्या फळ्यासमोर उभं राहायचं, डोकं फिरतं. लोक विचारतात यात काय आहे, तर लाज वाटते." त्याला काय सांगू? – एक वाचक, कल्याण

उत्तर : डोकं फिरतं हे तो बोलून दाखवतोय, हे बरंच आहे. न बोलता साचलं की काय होतं, याचं उदाहरण रशियात घडलंय. डिसेंबर 2021मध्ये येकातेरिनबुर्गच्या येल्त्सिन सेंटरमध्ये आन्ना लेपोर्स्काया यांचं 1932–34चं 'तीन आकृती' हे चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयातून उसनं आणून लावलं होतं. चेहरे म्हणजे नुसते रिकामे लंबगोल. खाजगी एजन्सीच्या एका गार्डने, तेही कामाच्या पहिल्याच दिवशी, बॉलपेनने दोन चेहऱ्यांवर डोळे काढले. चेहऱ्यांच्या पांढऱ्या रंगावर वॉर्निश नव्हतं, त्यामुळे शाई थोडी आत मुरली. पेन दाबून चालवलेलं नव्हतं, म्हणून रंगाचा उठाव बराचसा वाचला. दुरुस्तीचा अंदाज अडीच लाख रूबलचा होता. बातम्यांमध्ये सगळा रोख त्या माणसावर राहिला. आमच्या मते खरा प्रश्न असा, की चेहरे रिकामे का आहेत हे त्याला पाळी सुरू होण्याआधी पाच मिनिटं कोणी सांगितलं होतं का?

तेव्हा भावाने पहिलं काम हे करावं : नवं प्रदर्शन लागताना क्युरेटरकडे, म्हणजे प्रदर्शन मांडणाऱ्याकडे, दहा मिनिटं मागून घ्यावीत. सगळी चित्रं समजून घ्यायची गरज नाही. आपल्या दालनातल्या प्रत्येक कामाबद्दल तीनच गोष्टी विचाराव्यात : कशाने केलंय, कशाला धक्का चालत नाही, आणि लोक इथे हमखास काय विचारतात. दुसरं, खिशात बॉलपेन ठेवूच नये. नोंदीला पेन्सिल.

मग पाहण्याचं. आठवड्याला एकच चित्र धरावं. आधी पाच मीटरवरून, मग दोन मीटरवरून, आणि शेवटी भिंतीला लागून पण चित्रापासून सुरक्षित अंतरावर उभं राहून बाजूने पाहावं. बाजूने प्रकाश तिरपा पडतो आणि 'एका रंगाच्या' फळ्यावर ब्रश कुठे थांबला, खालचा थर कुठे डोकावतो, कॅनव्हासची वीण कुठे उघडी आहे, हे दिसायला लागतं. कंटाळा लगेच जात नाही, पण डोळ्यांना काम मिळतं.

रॉबर्ट रायमन हा माणूस सॅक्सोफोन वाजवायला न्यूयॉर्कला आला आणि 1953 ते 1960 तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये गार्ड होता. रोज चित्रं बघून रंग कसा वागतो याचं कुतूहल वाटलं, म्हणून दुकानातून रंग आणून करून पाहिलं. पुढे आयुष्यभर बहुतेक पांढरीच चित्रं काढली, आणि ती आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. भावाने चित्रकार व्हावं असं आमचं म्हणणं नाही. सात वर्षांची ड्युटी फुकट जात नाही, एवढंच.

'यात काय आहे' याला अर्थ सांगत बसू नये आणि "आम्हालाही कळत नाही साहेब" असं हसण्यावारीही नेऊ नये. साल आणि साहित्य सांगावं : "तैलरंग आहे, रोलरने लावलाय, इथून बाजूने बघा." लाज वाटण्यासारखं त्यात काही उरत नाही.

प्रश्न : लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात चित्रकार रॉथको यांच्या दालनात माझ्या पत्नीला रडू आलं. गार्ड दोनदा जवळून फिरून गेला, बोलला काहीच नाही. हे उद्धटपणाचं नव्हतं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, बरोबर वागला तो. या चित्रांपुढे लोक रडतात हे जगभरच्या गार्डना ठाऊक असतं. आपल्या चित्रांपुढे रडणाऱ्याला तोच अनुभव येतो जो मला रंगवताना आला, अशा अर्थाचं स्वतः मार्क रॉथको बोलले होते. त्या दालनातली काळपट लाल चित्रं मुळात न्यूयॉर्कच्या एका महागड्या रेस्टॉरंटसाठी केलेली. रॉथको यांनी ती रेस्टॉरंटला दिलीच नाहीत. त्यांतली टेटला दिलेली चित्रं लंडनला पोचली त्याच दिवशी, 25 फेब्रुवारी 1970ला, त्यांच्या मृत्यूची बातमी आली. दालनात उजेड मंद असतो, कारण चित्रकाराला तो तसाच हवा होता.

गार्डची अडचण वेगळीच असते. प्रेक्षकाने सुमारे 45 सेंटीमीटरवर उभं राहावं, असं रॉथको म्हणत, असं सांगतात. म्हणजे हाताच्या टप्प्याच्या आत! भरून आलेला माणूस नकळत पुढे झुकतो, तोल सावरायला हात पुढे करतो. म्हणून गार्ड आधी हात बघतो, चेहरा नंतर. दोनदा जवळून जाणं म्हणजे 'मी आहे' एवढं कळवणं. बोलायचं केव्हा? माणूस लटपटला, श्वास लागला किंवा इतर लोक त्याचा फोटो काढू लागले, तर. तेव्हा समोरून नव्हे, बाजूने जाऊन हळू आवाजात "बसता का?" एवढंच, आणि बाकाकडे बोट. खांद्यावर हात ठेवू नये. टिश्यू दालनाबाहेर द्यावा, पाणीही बाहेरच.

प्रश्न : गायतोंडे यांच्या चित्राला कोणाचं बोट लागलं तर असं काय बिघडतं? काच का लावत नाहीत? – एक वाचक, नागपूर

उत्तर : वासुदेव गायतोंडे तुमच्याच नागपूरचे, जन्म 1924चा. तैलरंगाचे थर ते रोलरने आणि पॅलेट नाइफने लावत, काढत, पुन्हा लावत. चित्राचा सगळा जीव त्या पृष्ठभागात असतो, आणि बोट नेमकं तिथेच लागतं.

जुन्या तैलचित्रावर बहुधा वॉर्निश असतं. घाण त्यावर बसते, आणि संवर्धक, म्हणजे चित्रांची निगा-दुरुस्ती करणारा, वॉर्निशसकट ती उतरवू शकतो. आधुनिक चित्रांत हा वरचा थर अनेकदा मुद्दामच दिलेला नसतो, कारण चमक नको असते. बोटाचा तेलकटपणा आणि घामातलं मीठ थेट रंगावर. मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या, रंगात रंगद्रव्य जास्त आणि बांधणारं माध्यम कमी, त्यामुळे नुसतं घासलं तरी तो भाग दबून चकाकतो. समोरून दिसणार नाही, पण बाजूच्या दिव्यात नाण्याएवढा डाग उठून दिसतो. तो 'पुसायचा' कसा? पुसलं की आणखी चकाकतो. अॅक्रिलिकची गत निराळी. ते खोलीच्या तापमानाला थोडं मऊच राहतं, धूळ धरतं, आणि ओल्या बोळ्याने साफ करायला गेलं तर फुगतं. शाई तर थरांतून खाली उतरते. टेटमध्ये 7 ऑक्टोबर 2012ला रॉथकोंच्याच एका चित्रावर कोणीतरी शाईने लिहिलं. ते पुन्हा भिंतीवर यायला मे 2014 उजाडला.

काचेत दिवे आणि बघणाऱ्याचा स्वतःचा चेहरा दिसतो, काळपट चित्रावर तर फारच. प्रतिबिंब न दिसणारी काच मिळते, पण मोठ्या कॅनव्हासला तिचा खर्च आणि वजन दोन्ही जड जातं. त्यामुळे काचेचं काम गार्डच करतो.

आणि बोट लागलंच तर? ओरडू नये, माणसाला धरू नये. वायरलेसवर कळवावं, लोकांना दोन मीटर मागे घ्यावं, वेळ टिपावी. रुमाल लावणं आणि फुंकर मारणं, या दोन चुका हमखास होतात. फुंकरीबरोबर थुंकी जाते. रंगाचा कपचा खाली पडला असेल तर उचलू नये, झाडूवाल्याला थांबवावं आणि जागेजवळ कागद ठेवावा. नोंदीत 'काय दिसलं' तेवढंच, 'कोणी मुद्दाम केलं असावं' नाही. संवर्धक तो कपचा परत बसवू शकतो, पण तो केरात गेला तर नाही.

बोटापेक्षा पाठीवरच्या सॅक आणि सेल्फीसाठी मागे मागे सरकणं जास्त धोक्याचं. सॅक पोटावर घ्यायला दारातच सांगावं. "मागे व्हा" म्हटलं की माणूस चिडतो. "इथून रंग चांगला दिसतो, या" म्हटलं की आपणहून मागे येतो.

प्रश्न : शिकागोत एका संग्रहालयात खायच्या गोड गोळ्यांचा ढीग होता आणि गार्ड म्हणाला, "घ्या एक." हे कसलं? – एक वाचक, सध्या मुक्काम अमेरिका

उत्तर : फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांचं 1991चं काम. ढिगाचं आदर्श वजन 175 पौंड, म्हणजे साधारण 79 किलो. हा ढीग म्हणजे त्यांचा जोडीदार रॉस याचं व्यक्तिचित्र. तो त्याच वर्षी एड्सने गेला. लोक गोळ्या नेतात, ढीग घटतो, पुन्हा भरता येतो. इथे गार्डला उलटं शिकावं लागतं : हात अडवायचा नाही, पण मुलं मूठ भरू लागली तर "एकच हं." म्हणून 'कुठे स्पर्श चालतो' याची यादी दालनागणिक लेखी हवी. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की विसरतं.

प्रश्न : गार्डलाच भरून आलं तर? माझ्या दालनात एक व्हिडिओ आहे, त्यात एक बाई रडते. आता तो आवाज घरीही कानात असतो. – एक गार्ड, नाव देऊ नये

उत्तर : हिशोब बघा. सात मिनिटांचा व्हिडिओ आठ तासांत जवळपास 68 वेळा लागतो. प्रेक्षक एकदा ऐकून जातो. त्यामुळे हा तुमचा हळवेपणा नाही, पाळीच चुकीची लावली आहे. ध्वनी असलेल्या दालनात सलग एक तासाहून जास्त ठेवू नका, असं पर्यवेक्षकाला लेखी द्या. तोपर्यंत स्पीकरच्या समोर न बसता त्याच्या मागे किंवा दाराशी जागा घ्या. कानात बोळे घालू नका, वायरलेस आणि अलार्म ऐकू यायला हवेत. ऐन ड्युटीत भरून आलं तर बदली मागून थांबा. पाच मिनिटांसाठीही दालन रिकामं सोडू नका. आणि बदली मागितल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहा. पुढचं वेळापत्रक लावणाऱ्याला दाखवायला कागद लागतो.