वाचकांचे प्रश्न : तालिबान, टीटीपी आणि खोरासानवाले

प्रश्न : अफगाण तालिबान आणि इस्लामिक स्टेट दोघेही सुन्नी, दोघांनाही शरियतचे राज्य हवे. मग ते एकमेकांच्या जिवावर का उठले?

उत्तर : भांडणाचे मूळ ‘अमीर, म्हणजे सर्वोच्च नेता कोण’ या प्रश्नात आहे. या संघटना बयतवर, म्हणजे नेत्याला दिलेल्या निष्ठेच्या शपथेवर उभ्या असतात. तालिबानचा संस्थापक मुल्ला उमर याने १९९६ मध्ये कंदाहारात ‘अमीर-उल-मोमिनीन’ (श्रद्धावानांचा नेता) ही पदवी घेतली. जून २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटने अबू बकर अल-बगदादीला साऱ्या मुसलमानांचा खलिफा म्हणून जाहीर केले. खलिफा एकच असू शकतो, म्हणून उमरनेही त्याच्यापुढे मान तुकवायला हवी होती. शिवाय खलिफा कुरैश, म्हणजे पैगंबरांच्या कुळातला हवा, हा जुना दंडक. बगदादी ते कूळ सांगत असे. उमर मात्र होतक टोळीचा पश्तून, म्हणजे त्या कुळाबाहेरचा.

पुढची अडचण तालिबानने स्वतःच ओढवून घेतली. उमर एप्रिल २०१३ मध्येच मरण पावला होता, पण ते जुलै २०१५ पर्यंत लपवले गेले आणि मधल्या काळात त्याच्या नावाने ईदचे संदेश निघत राहिले. अल-कायदाने तर २०१४ मध्ये त्याच्याशी असलेली आपली शपथ पुन्हा जाहीर केली. शपथ जिवंत माणसाला असते. मृत्यूची बातमी फुटल्यावर ‘तुम्ही मेलेल्या अमीराच्या मागे चालत होता’ असे सांगत लढवय्ये फोडणे इस्लामिक स्टेटला सोपे गेले.

पंथभेदही खरा आहे. तालिबान हनफी या सुन्नी विधिपंथातले आणि देवबंदच्या मदरशातून आलेल्या देवबंदी परंपरेतले, तर इस्लामिक स्टेट सलफी, म्हणजे सुरुवातीच्या मुसलमानांचाच आदर्श मानणारे. तालिबानला अफगाणिस्तानपुरते राज्य पुरते. इस्लामिक स्टेट सीमाच मानत नाही आणि परदेशी सरकारांशी वाटाघाटी करणाऱ्या तालिबानला धर्मभ्रष्ट ठरवते.

प्रश्न : इस्लामिक स्टेटच्या अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या खोरासान शाखेचा पहिला प्रमुख हाफिज सईद म्हणजे मुंबई हल्ल्याच्या संदर्भात ज्याचे नाव येते तोच का?

उत्तर : नाही. तो हाफिज सईद लष्कर-ए-तय्यबाचा संस्थापक. खोरासान शाखेचा हाफिज सईद खान हा टीटीपीचा (तेहरिक-ए-तालिबान पाकिस्तान, म्हणजे पाकिस्तानी तालिबान) ओरकझाई या पाकिस्तानी आदिवासी भागातला कमांडर होता. शाखा जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झाली आणि जुलै २०१६ मध्ये तो पूर्व अफगाणिस्तानातल्या नांगरहारमध्ये अमेरिकेच्या ड्रोन हल्ल्यात मारला गेला.

प्रश्न : पाकिस्ताननेच तालिबानला पोसले. मग आता दोघांत चकमकी कशा?

उत्तर : पाकिस्तानचा हिशेब असा होता : काबूलमध्ये आपल्या मर्जीतले सरकार आले की टीटीपीचा अफगाणिस्तानातला आसरा तुटेल. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकार आले, पण घडले उलटेच. कारागृहांची दारे उघडली आणि टीटीपीचा मौलवी फकीर मोहम्मदही बाहेर पडला.

टीटीपी डिसेंबर २००७ मध्ये बैतुल्ला मेहसूदच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. त्याच वर्षी जुलैत इस्लामाबादच्या लाल मशिदीवर लष्करी कारवाई झाली होती, तिचा राग यामागे होता. ही संघटना पाकिस्तानी सैन्याशी लढते. मात्र निष्ठा अफगाण तालिबानच्या अमीरालाच वाहते. म्हणजे पाकिस्तान ज्याला मित्र मानत होता, त्याच्याच शपथेखाली त्याचा शत्रू होता. पाकिस्तानी धोरणातली ही सर्वांत महागात पडलेली चूक, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग काबूल टीटीपीला आवरत का नाही? अमेरिकेविरुद्ध दोघांनी मिळून रक्त सांडले आहे, हे एक. डावलले तर तिचे लढवय्ये खोरासान शाखेकडे जातील ही भीती तालिबानला आहे, आणि २०१४-१५ मध्ये ओरकझाईत तसे घडलेही आहे. तिसरी गोष्ट ड्युरँड रेषा : १८९३ ची, सुमारे २,६०० किलोमीटरची ही अफगाणिस्तान-पाकिस्तान सीमा तालिबानलाही मान्य नाही. अमेरिका आणि तालिबान यांच्या फेब्रुवारी २०२० च्या दोहा करारात अफगाण भूमी ‘अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांविरुद्ध’ वापरू न देण्याची हमी आहे. पाकिस्तानचे नाव त्यात नाही.

काबूलच्या मध्यस्थीने पाकिस्तान आणि टीटीपी यांच्यात वाटाघाटी झाल्या, पण २०१८ मध्ये खैबर पख्तुनख्वात विलीन केलेला आदिवासी पट्टा पुन्हा वेगळा करा, ही टीटीपीची मागणी पाकिस्तानला मान्य होणे शक्य नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये टीटीपीने युद्धबंदी मोडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सीमेवर पाकिस्तान आणि अफगाण तालिबान यांच्यात मोठ्या चकमकी झाल्या आणि कतार व तुर्कस्तानच्या मध्यस्थीने दोह्यात युद्धबंदी ठरली.

प्रश्न : शिया इराण तालिबानशी कसा बोलतो?

उत्तर : १९९८ मध्ये मझार-ए-शरीफला इराणी मुत्सद्द्यांची हत्या झाली, तेव्हा दोघे युद्धाच्या उंबरठ्यावर होते. पुढे शियांना उघड लक्ष्य करणारे इस्लामिक स्टेट इराणला अधिक धोक्याचे वाटू लागले, म्हणून त्याच्याशी लढणाऱ्या तालिबानशी बोलणे त्याला सोयीचे. जानेवारी २०२४ मध्ये इराणातल्या केरमानला झालेल्या बॉम्बस्फोटांत ९० हून अधिक माणसे मेली, त्याची जबाबदारी इस्लामिक स्टेटने घेतली.

प्रश्न : हल्ल्याची बातमी आली की तो कोणाचा, हे कसे ओळखायचे?

उत्तर : आधी लक्ष्य पाहा. शिया मशीद, हजारा (बहुतांश शिया असलेल्या समाजाची) वस्ती किंवा तालिबानचा मौलवी असेल तर संशय खोरासान शाखेवर जातो. खैबर पख्तुनख्वातली पोलीस चौकी किंवा लष्करी ताफा असेल तर टीटीपीवर. मग जबाबदारीचे निवेदन कुठून आले ते बघा : इस्लामिक स्टेट आपल्या ‘अमाक’ या वृत्तसंस्थेमधून बोलते, टीटीपी आपल्या ‘उमर मीडिया’ या प्रचार शाखेमधून. नागरिक मोठ्या संख्येने मेले तर टीटीपी अनेकदा हात झटकते, म्हणून तिचा नकार आला तरी ती निर्दोष आहे असे लगेच धरू नका. पहिल्या काही तासांतली नावे पुष्कळदा बदलतात. दुसऱ्या दिवसाची बातमी वाचून मगच ती पुढे पाठवावी.