'पिसारोचे तैलचित्र' म्हणजे नेमके कोणाचे?

प्रश्न असा आहे: कामीय पिसारो या दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रकाराने तैलरंगांत स्वतःचेच चित्र केले. त्याखाली मराठीत 'पिसारोचे तैलचित्र' असे लिहिले तर चालेल का?

माझ्या मते ते टाळावे. शब्द चुकीचा मुळीच नाही. तैलरंगांत केलेले ते तैलचित्र, मग विषय काहीही असो. पण रोजच्या मराठीत 'तैलचित्राचे अनावरण' होते ते सभागृहात, कोणा थोर व्यक्तीच्या स्मरणार्थ. त्यामुळे 'पिसारोचे तैलचित्र' वाचले की दुसऱ्याच कोणी त्याचे चित्र काढून भिंतीवर लावले असावे, असे वाटून जाते.

त्यात भर षष्ठीची. 'रविवर्म्याचे चित्र' म्हटले की ते त्याने काढलेले, 'शिवाजी महाराजांचे चित्र' म्हटले की महाराज चित्रात. प्रत्यय तोच, अर्थ आपण नावावरून ठरवतो. इथे मात्र दोन्ही अर्थ खरे आहेत आणि नेमके तेच वाचकाला कळायला हवे.

म्हणून 'आत्मचित्र'. आत्मचरित्र, आत्मवृत्त, आत्मकथन या ओळीत हा शब्द सहज बसतो. 'आत्मव्यक्तिचित्र' मला जड वाटते, शिवाय व्यक्तिचित्र म्हटले की मराठी वाचकाला ललित लेखनही आठवते.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. अशा चित्राबद्दल सर्रास 'रेखाटले' लिहितात. रेखाटन रेषेचे असते. पिसारोचे 1873 चे आत्मचित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्यातली त्याची ती भरघोस दाढी पाहा: ती रंगाच्या फटकाऱ्यांतून उभी राहिली आहे. तेव्हा तो त्रेचाळिशीत होता, पण दाढीमुळे कितीतरी वयस्क दिसतो. पुढच्याच वर्षी दृक्प्रत्ययवादी मंडळींचे पहिले प्रदर्शन भरले. 1886 पर्यंत अशी आठ प्रदर्शने झाली आणि आठही प्रदर्शनांत चित्रे मांडणारा तो एकटाच. 1903 मध्ये, मृत्यूच्या वर्षी, त्याने पुन्हा स्वतःला रंगवले: डोक्यावर हॅट, नाकावर उतरलेला चष्मा, मागे खिडकीबाहेर पॅरिसच्या इमारती. ते चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. या दोन्हींसाठी 'रंगवले' हेच क्रियापद हवे.

'दृक्प्रत्ययवादी' अवघड वाटत असेल तर 'इम्प्रेशनिस्ट' लिहायला हरकत नाही. तरी मला मराठी शब्दच आवडतो. त्यातला प्रत्यय व्याकरणातला नाही, 'प्रत्यय येणे' मधला आहे: डोळ्यांना त्या क्षणी जे जाणवले ते. वस्तूच्या ठाशीव बाह्यरेषेपेक्षा तिच्यावर पडलेला प्रकाश पकडू पाहणाऱ्या चित्रकारांसाठी याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

तेव्हा ओळ अशी लिहावी: 'कामीय पिसारो, आत्मचित्र, 1873, कॅनव्हासवर तैलरंग'.