पहिल्या लॉटची गाडी घ्यावी का?

प्रश्न : काका, माझी नऊ वर्षं जुनी साधी टू व्हील ड्राइव्ह गाडी आहे. १,२०,००० किलोमीटर झालेत, अजून कुरकुर नाही. माझी रोपवाटिका डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे. वाट चिकणमातीची आणि मध्ये एक ओढा, त्याला पावसाळ्यात गुडघ्याच्या जरा खाली पाणी असतं. गेल्या पावसाळ्यात दोनदा रुतलो, एकदा तर ट्रॅक्टर बोलवावा लागला. दोन महिन्यांपूर्वी आलेली एक नवी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी गाडी, मनात भरली आहे. बुकिंग करून ठेवलंय, रक्कम परत मिळते. शोरूमवाले म्हणतात पुढच्या महिन्यात किंमत वाढणार, लगेच पक्कं करा. मेहुणा म्हणतो पहिल्या वर्षाची गाडी कधीच घेऊ नये. बायको म्हणते, आहे ती नीट चालतेय ना? कुणाचं ऐकू?

उत्तर : बायकोचं. या गाडीचा एक पावसाळा दुसऱ्यांच्या दारात जाऊ द्या. बुकिंग मात्र मोडू नका, ते का ते पुढे सांगतो.

मेहुण्याचा नियम चुकीचा नाही, पण तो सरसकट लावायचा नसतो. ‘नवी गाडी’ म्हणजे नेमकं काय नवं, हे आधी विचारायचं. कधी जुन्याच चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, नुसती नवी बॉडी चढवलेली असते. इंजिन, गियरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) सगळं आधीच्या गाड्यांमध्ये पाचसहा वर्षं घासून निघालेलं असतं. अशी गाडी पहिल्या महिन्यात घेतली तरी फार तर दाराचं रबर नाहीतर डॅशबोर्डचा खुळखुळाट त्रास देईल. कधी नाव जुनं आणि आत इंजिन नवं असतं, आणि लोक फसतात ते इथेच, कारण नावावर विश्वास असतो. शोरूममध्ये रंग आणि स्क्रीन दाखवतील, त्यांना शांतपणे विचारा : हे इंजिन दुसऱ्या कुठल्या गाडीत आहे, आणि किती वर्षांपासून? ट्रान्स्फर केस कुठून आली? विकणाऱ्या पोराला सांगता येणार नाही. मॅनेजरला बोलवा, नाहीतर सरळ मागच्या बाजूला जाऊन वर्कशॉपमध्ये विचारा. तिथल्या माणसाला सगळं माहीत असतं आणि त्याला काही विकायचं नसतं. तोंडावर एखादी शिवी देऊन खरं काय ते सांगून मोकळा होतो.

मी स्वतः बावीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, पहिली आठ गाडीखाली आणि उरलेली टेबलामागे. आणि तरीही एकदा पहिल्या लॉटची फोर बाय फोर घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. घरातले सगळे ‘थांबा’ म्हणत होते, पण मी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला. पहिल्याच मोठ्या पावसात शेजारच्या सीटच्या पायाशी पाणी साचलं. गालिचा उचलला तर खाली स्पंज भिजून चिंब. आठवडाभर काचेच्या रबरावर संशय घेतला, सनरूफ नव्हतंच. शेवटी मी पाइपने पाणी सोडत बसलो आणि एक पोरगा बॅटरी घेऊन डॅशबोर्डखाली घुसला, तेव्हा सापडलं. इंजिनाकडून आत येणाऱ्या वायरिंगच्या भोकाला जे रबरी बूच असतं, त्याची कड दुमडून बसली होती. एवढंसं बूच. ते सुटं मिळेना, कारण पार्टच्या यादीत ते पूर्ण वायरिंगबरोबरच दाखवलं होतं. सात आठवडे सिलिकॉन लावून फिरलो. पुढे वर्षभराने एका ओळखीच्याने तीच गाडी घेतली, तेव्हा मी आधी तिच्या डॅशबोर्डखाली डोकं घातलं. बूच वेगळंच होतं, जाड कडेचं. कंपनीने गुपचूप बदललं होतं.

गाडी बाजारात आली की तिची खरी परीक्षा सुरू होते. चाचणीच्या गाड्या मोजक्या असतात, त्या काळजीने जोडलेल्या असतात आणि चालवणारे जाणकार असतात. मग कारखान्यात रोज शेकड्यांनी गाड्या निघायला लागल्या की कुठल्यातरी पुरवठादाराचा साचा किंचित सरकतो, कुठे बोल्ट आवळणाऱ्याचा हात बसलेला नसतो. या गोष्टी कागदावरच्या आराखड्यात दिसत नाहीत. तक्रारी येतात, कंपनी न बोलता भाग बदलत जाते, आणि तिसऱ्या चौथ्या लॉटपर्यंत गाडी स्थिरावते.

मोठमोठ्यांची हीच गत. महिंद्राची नवी थार ऑक्टोबर २०२० मध्ये आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने १,५७७ डिझेल थार कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) तपासायला परत बोलावल्या. सगळ्या ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या काळात बनलेल्या, म्हणजे पहिल्यांदा घेणाऱ्यांच्याच. फोर्डची ब्रॉन्को २०२१ मध्ये परत आली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीला तोवर बसवलेली सगळी कडक छतं बदलून देण्याचं जाहीर करावं लागलं. पाणी आणि दमट हवा लागली की त्यांचा पृष्ठभाग खराब दिसायला लागत होता. आणि टोयोटा म्हटलं की डोळे मिटून घ्यावी असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी : टुंड्रा पिकअपमध्ये जुन्या व्ही-८ च्या जागी नवं टर्बो व्ही-६ आलं. पुढे २०२४ मध्ये टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण कारखान्यात घासकाम झाल्यावर धातूचा कचरा काही इंजिनांच्या आत राहून गेला होता. इथे दोष दिसायला दोन वर्षं लागली, हे लक्षात घ्या. म्हणजे सहा महिने थांबलं की सगळं कळतं असंही नाही. पण बूच, छत, सेन्सर, सॉफ्टवेअर असल्या बारक्या कटकटी बहुतेक पहिल्या वर्षातच बाहेर पडतात.

थांबण्याचं आणखी एक कारण, ज्याबद्दल शोरूममध्ये कुणी बोलत नाही : धडक चाचणीचा निकाल. तो बऱ्याचदा गाडी विकायला लागल्यावर काही महिन्यांनी येतो. नव्या जीप रँग्लरला युरो एनकॅप या युरोपातल्या धडक चाचणी संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये पाचपैकी एकच तारा दिला, त्याआधीच ती लोकांच्या दारात उभी होती. तुमच्या गाडीचा निकाल आलाय का, आणि चाचणी झालेल्या गाडीत ज्या एअरबॅग होत्या त्या तुमच्या व्हेरिएंटमध्ये आहेत का, हे बघा.

आता तुमच्या वाटेकडे येऊ. मला तर गाडीपेक्षा तीच जास्त महत्त्वाची वाटते.

चिकणमातीत तुम्ही दोनदा रुतलात. तेव्हा टायर कुठले होते ते लिहिलं नाहीत. साधे हायवेचे असतील तर त्यांच्या खाचा मातीने बुजतात आणि टायरचा गुळगुळीत रूळ होतो. मग दोन चाकं फिरोत की चार, चारही रूळच. फोर बाय फोर घेऊन तेच टायर ठेवणारे आणि मग गाडीला नावं ठेवणारे मी ढिगाने पाहिलेत. दुसरं, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं नेहमी जोर लावतात असा समज आहे, तो खरा नाही. प्रत्येक एक्सलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या जोडीमध्ये, डिफरन्शियल असतो, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गियरचा संच. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. त्यामुळे एक चाक चिखलात फुकट फिरायला लागलं की त्याला फिरवायला जेवढा तुटपुंजा जोर पुरतो, तेवढाच दुसऱ्याच्या वाट्याला येतो, मग ते दुसरं खडकावर का असेना. पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी तिरकी चाकं एकदम सुटली, तर फोर बाय फोरसुद्धा जागच्या जागी गुरगुरत उभी राहते. यावर दोन इलाज असतात. लॉकर, जो दोन्ही चाकं एकत्र बांधतो. नाहीतर ब्रेक वापरणारं ट्रॅक्शन कंट्रोल, जे फिरणाऱ्या चाकाला दाबून धरतं आणि जोर दुसरीकडे ढकलतं. तुमच्या मनात भरलेल्या व्हेरिएंटमध्ये यातलं काय आहे? बऱ्याचदा फोर बाय फोरचा बिल्ला सगळ्या व्हेरिएंटवर असतो आणि लॉकर फक्त वरच्यात.

आणि ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ लिहिलं असेल तर फोर लो, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणारा जादा गियर, आहे का ते विचारा. ओल्या चढावर भरलेली गाडी पावलापावलाने चढवायची किंवा उतारावर ब्रेक न लावता इंजिनावर सोडायची, तर फोर लो लागतं. नुसत्या ऑल व्हील ड्राइव्हला ते बहुधा नसतं. तीन किलोमीटर चिकणमातीला नुसतं ऑल व्हील ड्राइव्ह चालूनही जाईल, माझ्या मते बहुतेक जाईलच. पण मग त्यासाठी चासीवाली जड गाडी कशाला?

ओढ्याचं सांगतो. गाडीच्या पुस्तकात किती पाण्यातून जाता येतं याचा आकडा असतो, तो मिलिमीटरमध्ये बघा. गाड्यागाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लँड रोव्हरच्या नव्या डिफेंडरला एअर सस्पेन्शनसह ९०० मिलिमीटर सांगतात, सुझुकीच्या लहानग्या जिम्नीला ३००. तुमचा गुडघ्याच्या खालचा ओढा म्हणजे ४०० च्या आसपास. म्हणजे जिम्नी चढाला कितीही शेर असली तरी तुमच्या ओढ्यात कागदावर नापास. हा आकडा संथ पाण्यासाठी असतो, वाहत्या पाण्यासाठी नव्हे. आणि रोज पाण्यातून जाणार असाल तर एक्सलच्या ब्रीदरची, म्हणजे आतली हवा आत-बाहेर करणारी, नळी कुठवर वर नेली आहे ते पाहा. तापलेला डिफरन्शियल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि नळीचं तोंड खाली असेल तर तो पाणी ओढून घेतो. मग ऑइल चहासारखं दुधाळ निघतं.

म्हणून सध्याच्या गाडीला आधी चांगले ऑल टेरेन टायर, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीसाठीचे खोल खाचांचे, घाला. तिला बसतात का ते विचारून घ्या. मातीच्या वाटेवर हवा थोडी कमी करा, डांबरीवर यायच्या आधी परत भरा. ओढ्याला पाणी जास्त असेल तर गाडी अलीकडे लावून पलीकडे चालत जा. एक पावसाळा निघेल.

आता बुकिंग. थांबणं फुकट नसतं, हे मेहुण्याला सांगा. टोयोटाने जानेवारी २०२२ मध्ये जपानमधल्या गिऱ्हाइकांना लँड क्रूझर ३०० साठी चार वर्षंसुद्धा लागू शकतील असं कळवलं होतं. सुझुकीने जानेवारी २०२५ मध्ये तिथे पाच दारांची जिम्नी आणली, चार दिवसांत सुमारे ५०,००० ऑर्डरी आल्या आणि बुकिंग थांबवावं लागलं. तेव्हा रांगेतला नंबर सोडू नका. रक्कम परत मिळते हे पावतीवर लिहिलंय ना, तोंडी नव्हे? मग शोरूमला लेखी कळवा की गाडी अमुक महिन्यानंतर हवी. तुमचा नंबर आला तेव्हा मन तयार नसेल तर पुढच्याला द्यायला सांगा. गाडी घ्याल तेव्हा ती कधी बनली तो महिना बघा, बिल कधी फाडलं तो नव्हे. गोदामात पाच महिने उभी असलेली पहिल्या लॉटचीच गाडी ‘नवी’ म्हणून गळ्यात मारतात.

पुढच्या महिन्यात किंमत वाढणार हे वाक्य मी टेबलामागे बसून चौदा वर्षं ऐकलं. कधी कधी ती खरंच वाढायची.

सध्याची गाडी मोडकळीला आली असती, किंवा नव्या गाडीत इंजिन-गियरबॉक्स जुनंच आहे असं वर्कशॉपवाल्याने सांगितलं असतं, तर मी ‘घ्या’ म्हटलं असतं. दुसरी गोष्ट अजून शक्य आहे. विचारून बघा आणि कळवा.

प्रश्न : फोर एच (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगासाठी) लावून पावसात हायवेवर गाडी जास्त चिकटून चालते आणि लवकर थांबते, म्हणून मी कायम लावूनच ठेवतो. बरोबर ना?

उत्तर : निघताना ओढ चांगली मिळते, थांबताना काहीच फरक पडत नाही. आणि तुमची गाडी पार्ट टाइम फोर बाय फोर, म्हणजे एरवी दोन चाकांवर चालणारी आणि हवं तेव्हाच चार जोडणारी, असेल तर कोरड्या डांबरावर फोर एच अजिबात नको. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शियल नसल्याने तो फरक सुटायला वाट राहत नाही आणि शाफ्टमध्ये पीळ बसतो. पार्किंगमध्ये वळताना गाडी अडखळते, टायर ओरडतात, तो हाच पीळ. फोर एचमधून परत दोन चाकांवर येताना लिव्हर अडकत असेल तर गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, सुटेल.

प्रश्न : शोरूमची डेमो फोर बाय फोर वर्षभराने सवलतीत मिळतेय. घ्यावी का?

उत्तर : हाच अडखळणारा प्रकार त्या गाडीवर शंभर जणांनी केलेला असतो. प्रत्येकाला फोर लो लावून बघायचं असतं, तेही शोरूमसमोरच्या कोरड्या रस्त्यावर. तरी सवलत भरघोस असेल आणि वॉरंटी पूर्ण मिळणार असेल तर विचार करा. सर्व्हिसच्या नोंदीत ट्रान्स्फर केसचं ऑइल बदलल्याचं दिसतं का पाहा. नसेल तर पैसे देण्याआधी ते बदलायला लावा, आणि निघालेलं ऑइल बघायला स्वतः खाली वाका.