वजन नॉर्मलला आलं म्हणजे ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याचा मानसिक आजार) बरा झाला असं समजायचं का?

नाही, वजन हा फक्त पहिला टप्पा, माझ्यासाठी बरं होणं म्हणजे मोदकावर तूप घेताना डोक्यात कॅलरींचा हिशोब सुरू न होणं आणि जेवण टाळायला 'आज उपास आहे' असं खोटं न सांगणं. स्वतः यातून गेलेय म्हणून सांगते, शरीर आधी सावरतं, पण खाण्याची भीती नंतरही बराच काळ राहते आणि नेमकं तेव्हाच नातेवाईक 'आता कशी छान भरलीस' म्हणतात, ते ऐकून पुन्हा ताट सरकवावंसं वाटतं, म्हणून थेरपी लगेच बंद करू नका प्लीज. फक्त चक्कर किंवा उलट्या होत असतील तर आधी डॉक्टरकडे जा, पोटॅशियम कमी झालं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बोलायला कोणी नसेल तर टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.