सरकारला गल्ला नसतो

गेल्या अंकात मी विचारलं होतं: सरकार ऐकतच नसेल तर तुम्ही काय करता? पत्रं भरपूर आली आणि निम्म्याहून जास्त पत्रांत ‘बहिष्कार’ हेच उत्तर होतं. त्यातली चार घेतली आहेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

काकू, आमच्या ओढ्यावरचा पूल वाहून गेला. निवेदनं दिली, उपोषणाला बसलो, रास्ता रोको केला. आमदारांनी नारळ फोडला, पण पूल काही झाला नाही. आता आसपासच्या गावांतल्या आम्ही पोरांनी ठरवलंय की महिनाभर तालुक्याच्या पेठेतून काहीही घ्यायचं नाही. वडील म्हणतात, व्यापाऱ्यांनी आपलं काय वाकडं केलंय? तुम्ही स्वतः दुकान चालवलंत. तुम्हाला काय वाटतं?

पहिल्यांदा हे सांगून टाकते की मी पेठेच्या बाजूची बाई. नवऱ्याबरोबर कापडाचं दुकान चालवलं, व्यापारी असोसिएशनच्या बैठकांना बसले. ‘बाजार बंद’ असं कानावर आलं की अजूनही पोटात गोळा येतो. माझं उत्तर त्या हिशेबाने वाच.

वडील म्हणतात ते खरंच आहे. पण सरकारला गल्ला नसतो, बाळा. तुम्ही महिनाभर साबण घेतला नाहीत म्हणून बांधकाम खात्याच्या अभियंत्याचा पगार एक दिवसही लांबत नाही. तोटा होतो तो दुसऱ्याच कुणाला तरी. मग तोटा झालेला तो माणूस कुणाचं दार वाजवतो आणि ते दार त्याला उघडतं का, एवढंच बघायचं असतं. तुमचं शिष्टमंडळ आमदारांकडे गेलं तर पीए चहा पाजून परत पाठवतो. ज्यांच्या वर्गणीवर निवडणुकीचे मांडव उभे राहिले ते चार व्यापारी गेले तर साहेब स्वतः बाहेर येतात. हे मी बघितलंय, जास्त बोलत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथमध्ये नेमकं हेच गणित मांडलं गेलं होतं. तिथल्या वस्त्यांमधल्या काळ्या लोकांना मताचा अधिकारच नव्हता, त्यामुळे सरकारने त्यांचं ऐकायचं कारणही नव्हतं. पण शहरातली गोऱ्यांची दुकानं चालत होती ती त्यांच्याच पैशावर. १५ जुलै १९८५ ला त्यांनी त्या दुकानांत पाऊल टाकणं बंद केलं. म्खुसेली जॅक नावाचा पंचविशीच्या आसपासचा तरुण पुढारी होता. वस्त्यांमधलं लष्कर काढा, सार्वजनिक जागा सगळ्यांना खुल्या करा, नोकरीतला भेदभाव थांबवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आठवडा व्हायच्या आत सरकारने देशातल्या छत्तीस जिल्ह्यांत आणीबाणी लावली. पकडापकडी झाली. पण खरेदी न करणाऱ्या बाईला पोलीस कोणत्या कलमाखाली पकडणार? दुकानं ओस पडली ती पडलीच. मग गोरे व्यापारीच सरकारकडे गेले: यांच्या पुढाऱ्यांना सोडा, आम्हाला बोलायला समोर कुणीतरी हवं. नोव्हेंबरात पुढारी सुटले आणि त्या बदल्यात मार्चअखेरपर्यंत बहिष्कार थांबला. दुकानदारांना नाताळचा धंदा मिळाला.

एप्रिल १९८६ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि जूनमध्ये सरकारने सगळ्या देशातच आणीबाणी लावून पुढाऱ्यांना आत टाकलं. वर्णद्वेषी राजवट दुकानांच्या त्या बहिष्काराने पडली नाही. सगळ्यांच्या मताची निवडणूक व्हायला १९९४ उजाडलं. पण जी व्यापारी मंडळी तोवर गप्प होती ती सरकारच्या विरोधात बोलायला लागली, हे त्या काही महिन्यांतलं काम.

आपल्याकडेही तसंच. मी कापडवाली, त्यामुळे मुंबईचं मुळजी जेठा मार्केट मला पाठ. १९३० साली तिथे विदेशी कापडाच्या दुकानांपुढे बायका निरोधनाला, म्हणजे गिऱ्हाइकांना अडवायला, उभ्या राहायच्या. त्याच वर्षी १२ डिसेंबरला काळबादेवी रस्त्यावर विदेशी कापड भरलेल्या ट्रकपुढे आंबेगाव तालुक्यातला गिरणी कामगार बाबू गेनू आडवा झाला आणि चिरडला गेला. पुढे मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला. ब्रिटिश मालावरचा बहिष्कार राजकीय हत्यार म्हणून वापरायचा नाही, असं त्यात काँग्रेसकडून कबूल करून घेतलेलं आहे. ज्याने काही दुखत नाही ते बंद करा, अशी अट कुणी घालतं का? जागतिक मंदीनेही मँचेस्टरचा माल अडला होता, सगळं श्रेय बहिष्काराला देता येणार नाही. पण अट घातली गेली, हे विसरू नकोस.

आता तुमच्या पेठेचं बघू. तुमच्या पत्रात उधारीबद्दल एक ओळ नाही आणि मला काळजी त्याचीच आहे. तुमच्या गावांतली किती घरं किराणा वहीवर आणतात? बियाणं-खत कृषी केंद्रातून उधार येतं की रोख? बहिष्काराच्या दुसऱ्या दिवशी दुकानदार वही उघडणार आणि म्हणणार, आधी मागचं चुकतं करा. तुमचा कांदा घेणारा अडत्या त्याच दुकानदाराचा भाऊ असेल तर विक्रीच्या पट्टीतून, म्हणजे बिलातून, परस्पर कापूनही घेईल. म्हणजे नोकरदार घरं बहिष्कार सहज पाळतील आणि मजुरी करणारी घरं आठवड्यात मोडतील, मग तुम्ही त्यांनाच फितूर म्हणाल. म्हणून आधी गावनिहाय उधारी मोजा. जिची वही मोठी आहे त्या घराला किराण्यातून मोकळं ठेवा. सगळ्यांनी सगळंच सोडायला हवं असं नाही. कपडे, भांडी, मोबाईल, टीव्ही, दागिने, दुचाकी ही खरेदी पुढे ढकलता येते, मीठ-तेल नाही. औषधं आणि शाळेची वह्या-पुस्तकं यांना तर हात लावायचाच नाही.

वेळही तीच निवडा जिथे आम्हाला लागतं. आषाढात दुकान तसंही रिकामंच असतं, तेव्हा बहिष्कार टाकलात तर आम्ही माश्या मारत बसू आणि तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही. दिवाळीआधी आम्ही सुरत, इचलकरंजीचा माल उधारीवर भरून ठेवतो. दिवाळीनंतर त्याचे पैसे द्यायचे असतात. त्या पंधरवड्यात गिऱ्हाईक आलं नाही तर असोसिएशनचा अध्यक्ष रात्री झोपत नाही. मात्र त्याच्याकडे महिनाभर आधी जा. आमचं तुमच्याशी वैर नाही, पुलाचं काय ते तुम्ही आमदारांना विचारा, असं दुकानात बसून, चहा पिऊन सांगा. पोर्ट एलिझाबेथच्या लोकांना समोर वाटाघाटीला व्यापारी मिळाले; तुम्ही न सांगता बहिष्कार टाकलात तर व्यापारी तुमच्याविरुद्ध पोलिसांत अर्ज देतील.

मागणीत ‘विकास’ लिहू नका. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून फाईल कुठे अडली आहे ते काढा: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा की कार्यारंभ आदेश. जिथे अडली असेल त्याच्या पुढचा एक टप्पा आणि एक तारीख मागा. तेवढं झालं की त्या दिवशी बहिष्कार उठला असं जाहीर करा, गुलाल उधळा आणि पेठेत खरेदीला या. पुढचा टप्पा अडला तर पुन्हा थांबा. ‘पूल होईपर्यंत’ म्हणालात तर दोन वर्षं कुणी पाळणार नाही.

आणि पिशव्या तपासायला पोरं उभी करू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या काही वस्त्यांत पोरांनी बाजारातून आलेल्या बायकांना विकत आणलेलं खाद्यतेल आणि साबणाची पूड जबरदस्तीने खायला लावली. चळवळीचं नाव त्याने इतकं काळं झालं की सरकारी प्रचाराला वेगळं काही शोधावं लागलं नाही. तुमच्यातला एक जरी पोरगा कुणा म्हातारीची पिशवी रस्त्यावर ओतताना दिसला तर मीच माझ्या जुन्या शेजाऱ्यांना सांगेन की यांचं ऐकू नका.

२०१७ च्या शेतकरी संपात आम्हीही दूध रस्त्यावर ओतलं. शहरातले नातेवाईक अजून टोमणे मारतात. आमचं नुकसान झालं ते झालंच, पण उपयोग झाला होता का?

झाला होता, ताई. १ जूनला पुणतांब्यातून संप सुरू झाला. ११ जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली आणि २४ जूनला चौतीस हजार कोटींची योजना जाहीर झाली. निवेदनांनी एवढं कधी मिळालं होतं? पण तुम्ही मागितला होता सातबारा कोरा आणि दीडपट हमीभाव. पदरात पडली ती दीड लाखाची मर्यादा आणि ऑनलाइन अर्जांच्या रांगा. त्यातच ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांना भेटून आलेल्यांपैकी काहींनी संप मागे घेतल्याचं सांगितलं, बाकीच्यांनी तो चालूच ठेवला. कोण थांबवू शकतं हे आधी ठरलेलं नसलं की असंच होतं. सरकारला दोनपैकी सोयीचा गट निवडता येतो.

न घेणारा थांबू शकतो, न विकणाऱ्याला थांबता येत नाही. कांदा चार दिवस चाळीत राहील, दूध संध्याकाळीच नासतं. म्हणून तुमची बाजू गिऱ्हाइकाच्या बहिष्कारापेक्षा मुळातच कच्ची होती आणि तरीही तुम्ही सरकारला बैठकीला बसवलंत. ओतण्याबद्दल मात्र मी नातेवाइकांच्या बाजूची. तेच दूध वसतिगृहात, सरकारी दवाखान्यात फुकट वाटलं असतं तर डेअरीला ते मिळालं नसतंच आणि टीव्हीवरही ते वेगळं दिसलं असतं.

आमच्या गावात मेसेज फिरतायत की अमुक समाजाच्या दुकानांतून काही घेऊ नका, हाही राजकीय निषेधच आहे. बहिष्कार चालतो तर हा का चालू नये?

कारण त्या दुकानदाराला तुम्ही सांगू शकत नाही की काय केलंस म्हणजे आम्ही परत येऊ. पेठेतल्या व्यापाऱ्याला सांगता येतं: आमदारांकडे जा, पुलाबद्दल बोल. या माणसाने काय करायचं, जन्म बदलायचा?

ही काही नवी युक्ती नाही. १९३० साली मुंबई सरकारला सादर झालेल्या स्टार्ट समितीच्या अहवालात लिहिलं आहे की दलितांनी हक्क मागितला की गावकरी त्यांची मजुरी बंद करतात, कसायला दिलेली जमीन काढून घेतात आणि वाणी त्यांना सामान द्यायचं थांबवतो. यात आमच्या पेठेचाही वाटा आहे. सरकार गावकऱ्यांचं ऐकत नव्हतं म्हणून हे चाललं नव्हतं, दलितांनी मान वर करू नये म्हणून चाललं होतं. आज अनुसूचित जाती-जमातींच्या माणसावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. जात पंचायतींनी आपल्याच माणसांना वाळीत टाकू नये म्हणून महाराष्ट्राने २०१६ चा वेगळा कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. इतर कुठल्या समाजाविरुद्धचे मेसेज पुढे पाठवलेत तरी द्वेष पसरवल्याचं कलम लागू शकतं. मेसेज पुसून टाका आणि त्या दुकानातून उद्याची चहा-साखर आणा.

नगरपरिषद पाणी आठ दिवसांनी सोडते. आमच्या गल्लीने घरपट्टी न भरण्याचं ठरवलंय. बारडोलीत जमलं, आम्हाला का जमणार नाही?

बारडोलीत १९२८ साली वल्लभभाईंनी आधी गावोगाव बैठका घेऊन माणूस न् माणूस बांधला होता. इंग्रज सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला होता. लोकांच्या म्हशी जप्त झाल्या, जमिनी खालसा झाल्या, तरी कुणी भरला नाही. पाटील-तलाठ्यांनी राजीनामे दिले, मुंबईच्या कायदेमंडळातल्या सभासदांनीही दिले. शेवटी चौकशी होऊन वाढ ६ टक्क्यांच्या आसपास आली. तुमच्या गल्लीबरोबर राजीनामा देईल असा एक तरी नगरसेवक आहे का? नसेल तर तुमच्या थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढत राहील आणि पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला त्याची खबरही लागणार नाही.

घरपट्टी भरा, पण पावतीबरोबर ‘निषेध नोंदवून भरत आहे’ असं पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. गल्लीतल्या प्रत्येक घराचं पत्र एकाच दिवशी, आवक-जावक टेबलावर रांग लावून. मग पाण्याचा दिवस आणि वेळ रोज वहीत लिहा आणि ती वही घेऊन तुमच्या नगरसेवकाकडे जा. निवडणूक जवळ असेल तर त्याच्या विरोधकाकडेही जा, एकाच दिवशी. कुठे आधी गेलात ते दोघांनाही सांगा.