पिएट्रेन नर आणि रक्तातलं एन्झाइम

प्रश्न : माझ्याकडे लार्ज व्हाइट यॉर्कशायर माद्या आहेत. मांस जास्त मिळावं म्हणून बेल्जियमच्या पिएट्रेन नराचं वीर्य वापरायचा विचार आहे. पण ही डुकरं गाडीत चढवतानाच धापा टाकून मरतात म्हणे. जुन्या पुस्तकात वाचलं, की ‘पीएचआय’ या रक्तातल्या एन्झाइमवरून अशी जनावरं ओळखत. मग ते एन्झाइमच खराब का?
– एक वराहपालक, सावंतवाडी

उत्तर : एन्झाइम बिचारं निर्दोष आहे. पीएचआय म्हणजे फॉस्फोहेक्सोज आयसोमरेज. तांबड्या पेशींत साखरेतून शक्ती काढायच्या कामातलं. त्याचे ए आणि बी असे दोन प्रकार, दोघेही कामाला चोख. खरा गुन्हेगार सहाव्या गुणसूत्रावर त्याच्या जनुकाशेजारी राहतो : हॅलोथेन जनुक (नाव एका भुलीच्या औषधावरून). त्याच्या आईकडची आणि बापाकडची अशा दोन्ही प्रती सदोष असल्या, की डुकराला ताण सोसत नाही. शेजारी असल्यानं ही दोन जनुकं पिल्लांत सहसा एकत्रच उतरतात. त्यातला नेमका बिघाड १९९१ साली सापडला. तोवर आम्ही प्रयोगशाळावाले शेजाऱ्याची पाटी वाचून घर शोधत होतो.

ती पाटी वाचायची रीत अशी : तांबड्या पेशी धुऊन फोडायच्या, त्या लाल द्रवात गाळणकागदाचा तुकडा भिजवून स्टार्चच्या जेलमध्ये खोचायचा आणि वीज सोडायची. मग रंग दिला की जांभळे पट्टे उमटत. आईबापांकडून एकच प्रकार आला असेल तर ठळक पट्टा एक. एकाकडून ए, दुसऱ्याकडून बी आला तर तीन! हे एन्झाइम दोन तुकड्यांच्या जोडीनं बनतं, मधला पट्टा मिश्र जोडीचा. फार देखणा प्रकार. पण नुसता पट्टा बघून निकाल देता येत नसे. बिघाड ए-सोबत चालत आलाय की बी-सोबत, हे त्या घराण्यातल्या आईबाप-भावंडांवरून ठरवावं लागे. शिवाय जातीजातींत ए-बीचं प्रमाण वेगळं. त्यामुळे एका जातीचा आडाखा दुसरीला लावणं म्हणजे शुद्ध अंदाजपंचे.

आता थेट डीएनए तपासतात, मुळासकट उपटलेले केसही पुरतात. वीर्य घेताना नराचा हॅलोथेन अहवाल मागाच. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर दुसरं दुकान बघा. दोन्ही प्रती सदोष असलेला नर वापरलात तर तुमच्या निर्दोष माद्यांची सगळी पिल्लं वाहक, म्हणजे एकच प्रत सदोष असलेली, होतील. ती सहसा गाडीत मरणार नाहीत, पण त्यातल्या माद्या ठेवून पुन्हा तसाच नर लावलात की निम्मी पिल्लं अस्सल रोगट निघतील. वर त्यांचं मांस फिकट, लिबलिबीत, पाणी सुटणारं. खाटीक भाव पाडणारच. पिएट्रेनच हवा असेल तर बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठानं लार्ज व्हाइटचं निर्दोष जनुक उतरवून तयार केलेला वाण आहे, त्याची चौकशी करा.