वाचकांचे प्रश्न : फालुनची तांब्याची खाण

प्रश्न : जुलैत स्टॉकहोमला मुलीकडे जात आहोत. फालुनची जुनी खाण एका दिवसात होईल का? माझे गुडघे दुखतात.

उत्तर : होते. स्टॉकहोमहून रेल्वेने साधारण पावणेतीन तास लागतात, म्हणून सकाळची गाडी धरा. खाणीत मार्गदर्शकाबरोबरच उतरता येते. फेरी तासाभराची असते आणि जुलैत गर्दी होते, तेव्हा वेळ आधीच राखून ठेवा.

खाली ६७ मीटरवर बाराही महिने ५-६ अंश तापमान असते. वर ऊन आहे म्हणून लोक सुती कपड्यांत उतरतात आणि कुडकुडतात. स्वेटर आणि घट्ट पकडीचे बंद बूट हवेतच. वाट ओली असते आणि छतातून पाणी ठिबकते. हेल्मेट तिथे मिळते. पायऱ्या मात्र शेकडो आहेत. गुडघ्यांचे सांगून लिफ्टची सोय होईल का, हे तिकिटाआधीच विचारा.

नाहीच जमले तरी फेरी वाया जात नाही. काठावरून दिसणारा प्रचंड खड्डा १६८७च्या उन्हाळ्यात खाण कोसळून झाला. सणाची सुट्टी होती, म्हणून कोणी दगावले नाही. शेजारच्या संग्रहालयात फेट-मॅट्सची हकीकत वाचा : १६७७मध्ये बेपत्ता झालेल्या या कामगाराचा देह १७१९मध्ये पाण्याने भरलेल्या भागात सापडला. पाण्यातल्या मोरचुदासारख्या क्षारांमुळे तो इतका टिकला होता की त्याच्या जुन्या वाग्दत्त वधूने त्याला ओळखले.

परतताना एल्सबोर्ग भागातली लाकडी घरे पाहा. त्यांचा लाल रंग याच खाणीच्या टाकाऊ मातीचा.